मोठ्या फाईलमधून मोजक्या नोंदी निवडताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून हा संपूर्ण अंक त्या विषयाला दिला आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या पत्रांची उत्तरे त्याच्यावर उभी आहेत.

प्रश्न : मी कांद्याच्या बाजारभावांवर पीएच.डी.चे काम करते आहे. राज्यातील अनेक बाजार आवारांतील आठ वर्षांच्या लिलावांची एक सीएसव्ही फाईल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाईल, मला मिळाली आहे. प्रत्येक वाहनाची एक ओळ असून तीत तारीख, आवार, कांद्याचा प्रकार, वजन आणि क्विंटलचा दर हे रकाने आहेत. एकूण ओळी ३ कोटी २० लाख आणि आकार सुमारे ६ जीबी. एक्सेल १०,४८,५७६ ओळींच्या पुढे जात नाही आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पायथॉनमध्ये अख्खी फाईल उघडली की लॅपटॉप अडकून बसतो. म्हणून पहिल्या १ लाख ओळी घेऊन मी तक्ते केले. ते पाहून मार्गदर्शकांनी विचारले, ‘यात उन्हाळ कांदा कुठे आहे?’ तो खरोखरच नव्हता. सगळी फाईल रॅममध्ये न घेता १०,००० ओळी यादृच्छिकपणे कशा निवडाव्यात? (संशोधक विद्यार्थिनी, नाशिक जिल्हा)

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आपण पत्रासोबत पाठवलेल्या पहिल्या काही ओळींवरून फाईल तारखेनुसार लावलेली आणि जानेवारीपासून सुरू होणारी दिसते. आठ वर्षांत ३ कोटी २० लाख म्हणजे वर्षाला सरासरी ४० लाख आणि दिवसाला सुमारे ११ हजार ओळी होतात. तेव्हा आपल्या पहिल्या १ लाख ओळींत जेमतेम नऊ दिवसांचा बाजार आला आहे. जानेवारीच्या त्या नऊ दिवसांत लाल आणि रांगडा कांदाच आवारात येणार, उन्हाळ कांदा तेव्हा शेतात असतो. एक्सेलने दाखवलेला भागसुद्धा याच हिशेबाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतो, म्हणजे उन्हाळ कांद्याची आवक वाढू लागते तिथेच, आणि चाळीत साठवून दिवाळीपर्यंत विकला जाणारा माल त्यात कुठेच नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, परंतु ते शीत पातेल्यातल्या कोणत्याही थरातून येऊ शकत असेल तरच. फाईलचा वरचा भाग हा नमुना नव्हे, तो केवळ वरचा भाग आहे. हे मी आग्रहाने लिहितो आहे, कारण ‘आधी थोडे पाहून घेऊ’ म्हणून घेतलेल्या पहिल्या ओळींवरच पुढे प्रकरणे लिहिली गेलेली मी पाहिली आहेत.

आता पद्धतीकडे वळू. सर्वांत सोपा मार्ग असा की फाईल ओळीओळीने वाचत जावे आणि प्रत्येक ओळीसाठी ० आणि १ यांच्यामधली एक यादृच्छिक संख्या काढावी. ती १/३२०० पेक्षा लहान असेल तर ओळ ठेवावी, नसेल तर सोडून द्यावी. रॅममध्ये एका वेळी एकच ओळ असते, त्यामुळे फाईल ६ जीबीची असो वा ६०० जीबीची, यंत्र अडकत नाही. पायथॉनमधील पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत हेच काम फाईल वाचतानाच करता येते : ‘स्किपरोज’ या पर्यायाला आकड्यांच्या यादीऐवजी एक फंक्शन द्यावे, जे ओळीचा क्रमांक घेऊन ती वगळायची की नाही ते सांगते. त्यात शून्य क्रमांकाची ओळ, म्हणजे रकान्यांची नावे असलेली ओळ, कधीही वगळली जाणार नाही अशी अट घालण्यास विसरू नये. या पद्धतीत ओळींची संख्या नेमकी १०,००० येत नाही. ती बहुधा ९,८०० ते १०,२०० यांच्या दरम्यान पडते. बहुतेक अभ्यासांना एवढा फरक चालतो.

नेमक्या १०,०००च हव्या असतील, किंवा फाईलमध्ये एकूण ओळी किती आहेत हे आधी ठाऊकच नसेल, तर ज्याला ‘रेझरव्हॉयर सॅम्पलिंग’ म्हणतात आणि मी हौदाची पद्धत म्हणतो, ती वापरावी. तिची मूळ कल्पना संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी ॲलन वॉटरमन यांच्या नावे नोंदवली आहे आणि जेफ्री व्हिटर यांनी १९८५ मध्ये तिचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ती इतकी सुंदर आहे की लहान आकड्यांवर ती एकदा कागदावर करून पाहावी, असे मी प्रत्येकाला सुचवतो. समजा, हौदात तीनच ओळी मावतात. पहिल्या तीन ओळी सरळ आत जातात. चौथी ओळ आली की १ ते ४ मधला एक आकडा यादृच्छिकपणे काढायचा. तो ४ आला तर नवी ओळ सोडून द्यायची आणि १, २ किंवा ३ आला तर हौदातील त्या जागेची ओळ काढून तिथे नवी ठेवायची. पाचव्या ओळीला १ ते ५ मधला आकडा काढायचा, आणि असेच शेवटपर्यंत. आता पहिल्या ओळीचे काय होते ते पाहा. चौथ्या ओळीच्या वेळी ती बाहेर जाण्याची शक्यता १/४, म्हणजे टिकण्याची ३/४. पाचव्या वेळी तिचीच जागा निघण्याची शक्यता १/५, म्हणजे टिकण्याची ४/५. दोन्हींचा गुणाकार ३/५. आणि पाचवी ओळ आत येण्याची शक्यताही ३/५ च आहे. सुरुवातीला आलेली आणि शेवटी आलेली, दोन्ही ओळींना सारखीच संधी मिळाली, आणि पुढे किती ओळी आहेत हे आपल्याला कोणत्याही क्षणी माहीत असण्याची गरज पडली नाही.

आपल्या फाईलवर १०,००० जागांचा हौद चालवला तर ३ कोटी २० लाख ओळींपैकी फक्त ९० हजारांच्या आसपास ओळी कधी ना कधी हौदात उतरतात, बाकीच्या नुसत्या डोळ्यांखालून जातात. याच गोष्टीचा फायदा घेऊन किम-हुंग ली यांनी १९९४ मध्ये अशी सुधारणा केली की पुढच्या किती ओळी सोडायच्या ते एकदाच काढता येते आणि दर ओळीला यादृच्छिक संख्या काढावी लागत नाही. तरीही ओळी मोजत पुढे जाण्यासाठी फाईल वाचावी लागतेच. एक सावधगिरी अशी की निवड यादृच्छिक असली तरी हौदातला क्रम यादृच्छिक नसतो : पहिली ओळ टिकली तर ती पहिल्याच जागेवर राहते. नमुन्याचे पुढे दोन भाग करायचे असतील तर आधी तो पिसून घ्यावा.

पांडाजमध्ये ५ लाख ओळींचे तुकडे पाडून वाचण्याची सवय असेल, तर तुकड्यातील प्रत्येक ओळीला एक यादृच्छिक संख्या द्यावी, आधी जपलेल्या ओळी आणि हा तुकडा एकत्र करून सर्वांत लहान संख्यांच्या १०,००० ओळी ठेवाव्यात आणि पुढच्या तुकड्याकडे जावे. हा नमुनाही हौदाच्या नमुन्याइतकाच चोख असतो. मात्र ‘प्रत्येक तुकड्यातून दीडशे’ असा सरधोपट वाटा काढू नये, कारण शेवटचा तुकडा बहुधा अपुरा असतो. त्यात हजारच ओळी उरल्या असतील तर त्या ओळींना इतरांच्या पाचशे पट संधी मिळते. लिनक्सवर काम करत असाल तर ‘शफ’ ही कमांड हेच काम एका ओळीत करते, फक्त शीर्षकाची ओळ आधी बाजूला काढून ठेवावी लागते. ‘सॉर्ट’ कमांडला यादृच्छिक क्रमाचा पर्याय देऊन वरच्या ओळी घेण्याची सवय काहींना असते. ती टाळावी, कारण तो पर्याय सारख्या ओळींना एकमेकींशेजारीच ठेवतो.

निवड झाली की दोन कामे राहतात. पहिले, यादृच्छिक संख्या जिच्यापासून सुरू झाल्या ती संख्या, म्हणजे ‘सीड’, वहीत लिहून ठेवावी, म्हणजे परीक्षकांसमोर तोच नमुना पुन्हा काढून दाखवता येईल. दुसरे काम मला अधिक महत्त्वाचे वाटते. फाईल वाचली जात असतानाच वर्षनिहाय, महिनानिहाय आणि प्रकारनिहाय ओळींची मोजणी करून ठेवावी, कारण मोजणीला रॅम लागत नाही, आणि मग नमुन्यातील टक्केवारी शेजारी मांडावी. संपूर्ण फाईलमध्ये उन्हाळ कांद्याच्या ओळी ५५ टक्के असतील, तर १०,००० च्या नमुन्यात त्या ५४ ते ५६ टक्क्यांच्या दरम्यान याव्यात. त्या ४८ टक्के आल्या तर नशिबाला दोष न देता स्क्रिप्ट तपासावी.

आपल्या विषयापुरती एक सूचना. आपली ओळ म्हणजे एक वाहन आहे. लहान पिकअपची आणि भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची ओळ नमुन्यात सारख्याच वजनाची ठरते. म्हणून ओळींच्या दरांची साधी सरासरी ही ‘सरासरी वाहनाचा दर’ सांगते. क्विंटलमागे शेतकऱ्याला काय मिळाले हे हवे असेल तर प्रत्येक दराला त्या वाहनातील वजनाने गुणून बेरीज करावी आणि तिला एकूण वजनाने भागावे.

प्रश्न : संपूर्ण फाईल वाचण्यात वेळ जातो, म्हणून मी दुसरी युक्ती केली. फाईलचा आकार बाइटमध्ये माहीत असतो. त्यातील एका यादृच्छिक बाइटवर उडी मारायची, अर्धवट ओळ सोडायची आणि पुढची पूर्ण ओळ उचलायची. काम काही सेकंदांत होते. पण आमच्या ग्राहकांच्या फाईलमध्ये काही गावांचे पत्ते मराठीत तर काहींचे इंग्रजी लिपीत आहेत आणि नमुन्यात मराठी पत्ते नेहमी जास्त येतात. हा योगायोग आहे का? (संगणक प्रणाली लिहिणारे वाचक, सोलापूर)

उत्तर : योगायोग नाही, आणि आपल्याला तो खटकला याचे मला फार समाधान वाटले. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणून रोमन लिपीत ८० बाइटांत बसणारी ओळ मराठीत सहज १८० बाइटांची होते. बाइटवर उडी मारणे म्हणजे डोळे मिटून जमिनीवर खडा टाकणे : ज्याचे शेत मोठे, त्याच्या शेतात तो पडणार. आपण उचलता ती ओळ खडा पडलेल्या ओळीच्या पुढची असते हे खरे, पण फाईल गावानुसार लावलेली असल्याने मराठी ओळीच्या पुढे बहुधा मराठीच ओळ असते. ओळी निम्म्या मराठी आणि निम्म्या इंग्रजी लिपीत असल्या तरी, २६० पैकी १८० बाइट मराठीच्या वाट्याला आल्यामुळे, नमुन्यात त्या ६९ टक्क्यांच्या आसपास दिसतील.

संख्याशास्त्राला ही चूक नवी नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे पीक कापणी प्रयोगांच्या, म्हणजे शेतातला एक तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढण्याच्या, शास्त्रातील अग्रणी होते. प्रयोगासाठी आखलेला तुकडा फार लहान असला की उत्पादनाचा अंदाज वाढून येतो, हे त्यांनी शेतातील मोजणीने दाखवले. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता आणि त्यावरून दोघांमध्ये दीर्घ वाद झाला. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कड मोठी असते आणि कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, या प्रश्नावर कापणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे झुकतो. आपल्या फाईलमध्येही गफलत हद्दीवरच होते आहे : उडी कुठे पडली आणि त्यावरून कोणती ओळ ‘आपली’ मानली, या दोहोंच्या मध्ये.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येते. फाईल बदलणारी नसेल तर एकदाच ती पूर्ण वाचून प्रत्येक ओळ कोणत्या बाइटपासून सुरू होते याची सूची करून ठेवावी. वरच्या पत्रातील ३ कोटी २० लाख ओळींची अशी सूची, ओळीमागे ८ बाइट धरून, सुमारे २५ कोटी ६० लाख बाइटांची होते आणि साध्या संगणकातही मावते. त्यानंतर सूचीतील क्रमांक यादृच्छिकपणे काढून थेट त्या जागी जाता येते आणि हा नमुना हवा तितक्या वेळा घेता येतो. सूची नको असेल तर उडीची अट बदलावी : उडी ज्या बाइटवर पडली तो बाइट नेमका ओळ संपवणारे चिन्ह असेल तरच पुढची ओळ घ्यावी, नाही तर उडी वाया गेली असे समजून पुन्हा उडी मारावी. ओळ १८० बाइटांची असो वा ८० ची, तिच्या आधीचे चिन्ह एकच बाइट असते, त्यामुळे सर्व ओळी पुन्हा एका पातळीवर येतात. फाईलच्या अगदी शेवटचे चिन्ह लागले आणि फाईलला शीर्षकाची ओळ नसेल, तर पहिली ओळ घ्यावी, नाही तर तिला कधीच संधी मिळणार नाही; शीर्षकाची ओळ असेल तर ती उडी वाया गेली असे समजावे. एका ओळीसाठी सरासरी शंभर-दीडशे उड्या वाया जातील, परंतु थोड्या ओळी हव्या असतील तर तेही परवडते.

दोन अडचणी मात्र लक्षात असू द्याव्यात. पत्त्याच्या रकान्यात अवतरणचिन्हांच्या आत कोणी एंटर मारले असेल, तर एक नोंद दोन ओळींत विभागली जाते आणि ओळ मोजणारी कोणतीही युक्ती, ‘शफ’ सुद्धा, अर्धी नोंद उचलते. अशा फाईलसाठी सीएसव्ही समजून वाचणारी लायब्ररीच हवी. आणि जीझिपने दाबून लहान केलेल्या फाईलमध्ये मधेच उडी मारता येत नाही. तिथे हौदाची पद्धत हाच सरळ रस्ता आहे.

प्रश्न : मी एका दूध संघाच्या संगणक विभागात काम करतो. सकाळ-संध्याकाळच्या संकलनाची एक फाईल आणि दर दहा दिवसांच्या बिलांची दुसरी. दोन्हींमधून १ टक्का ओळी यादृच्छिक घेतल्या आणि उत्पादकाचा क्रमांक व बिलाचा कालावधी यांवरून जोडल्या. संकलनाच्या शंभर ओळींमागे जेमतेम एका ओळीला तिचे बिल सापडले. (वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : तसेच होणार होते. संकलनाची ओळ नमुन्यात आली, तरी तिचे बिल दुसऱ्या नमुन्यात येण्याची शक्यता स्वतंत्रपणे १ टक्काच आहे. शिवाय संपूर्ण फाईलच्या हिशेबाने पाहिले तर जोडी दहा हजारांत एकदाच टिकते. येथे ओळी निवडायच्याच नाहीत, उत्पादक निवडायचे आणि निवडलेल्या उत्पादकाच्या दोन्ही फाईलमधील सगळ्या ओळी घ्यायच्या.

त्यासाठी उत्पादकाच्या क्रमांकाचा हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने त्यापासून तयार होणारी आणि यादृच्छिक भासणारी एक संख्या, काढावा, उदाहरणार्थ एमडी-५ या सूत्राने, त्याला १०० ने भागावे आणि बाकी शून्य उरली तरच ओळ ठेवावी. एकाच क्रमांकाचा हॅश कोणत्याही फाईलमध्ये, कोणत्याही संगणकावर आणि पुढच्या वर्षीही तोच येतो, त्यामुळे निवडलेल्या उत्पादकांची यादी वेगळी सांभाळावी लागत नाही. पायथॉनचे अंगभूत ‘हॅश’ फंक्शन मजकुरासाठी येथे वापरू नये, कारण ते प्रोग्राम नव्याने सुरू केला की वेगळे उत्तर देते. ‘हॅश कशाला, क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पाहू’ असा मोह होईल, पण गावोगावच्या संस्थांत क्रमांक एकापासून पुढे दिलेले असतात आणि ०१ क्रमांक बहुधा संस्थेत सर्वांत आधी नाव नोंदवलेल्याचा असतो. तो इतरांसारखा उत्पादक असेलच असे नाही.

हॅश काढण्याआधी दोन्ही फाईलमधले क्रमांक एकाच रूपात आहेत का ते डोळ्यांनी पाहून घ्यावे. संकलनाच्या यंत्रातून ‘०१२७’ येतो, बिलांची फाईल एकदा एक्सेलमधून गेली की त्याचा ‘१२७’ होतो, आणि कुठे मागे एक रिकामी जागा चिकटलेली असते. माणसाला हे तिन्ही एकच वाटतात, हॅशला ते तीन वेगळे उत्पादक वाटतात. निष्कर्ष लिहिताना नमुन्याचा आकार म्हणून उत्पादकांची संख्या द्यावी, ओळींची नव्हे, कारण एकाच गोठ्यातल्या साठ ओळी एकमेकींसारख्याच असतात.

प्रश्न : फाईल दहापट मोठी झाली तर नमुनाही दहापट घ्यावा लागतो का? (शिक्षक, परभणी)

उत्तर : नाही. अंदाजाचा नेमकेपणा नमुन्यातील ओळींच्या संख्येवर अवलंबून असतो, फाईलच्या आकारावर जवळजवळ नाही. १०,००० ओळींच्या साध्या यादृच्छिक नमुन्यातून काढलेली टक्केवारी शंभरातून पंचाण्णव वेळा खऱ्या आकड्याच्या एक टक्का पुढे-मागे असते, मग फाईल ३० लाखांची असो वा ३० कोटींची. चूक निम्मी करायची तर ओळी चौपट लागतात. विरळ गोष्टींसाठी मात्र हे आकडे पुरत नाहीत. दहा हजारांत एकदा घडणारी गोष्ट १०,००० ओळींच्या नमुन्यात एकदाही न दिसण्याची शक्यता ३७ टक्के असते. तिच्यासाठी संपूर्ण फाईल एकदा गाळून त्या सर्व ओळी वेगळ्या काढाव्यात आणि उरलेल्यांतून नमुना घ्यावा.

प्रश्न : दर हजारावी ओळ घेतली तर यादृच्छिक संख्यांची गरजच काय? (वाचक, ठाणे, यांच्याकडे वीज मीटरच्या दर १५ मिनिटांच्या नोंदी आहेत.)

उत्तर : फाईलला स्वतःचा ठेका नसेल तर ही पद्धत चांगली चालते, पण आपल्या फाईलला ठेका आहे. दर १५ मिनिटांना एक म्हणजे दिवसाला मीटरमागे ९६ ओळी. दर ९६०वी ओळ घेतली असती तर आपल्या हाती दिवसातली एकच वेळ आली असती, कदाचित पहाटेचे तीन, आणि त्यावरून आपण साऱ्या ठाण्याचा वापर ठरवला असता. दर हजारावीतही धोका आहे : १००० आणि ९६ या दोन्ही संख्यांना ८ ने भाग जातो, त्यामुळे एका मीटरच्या सलग नोंदींत दिवसाच्या ९६ वेळांपैकी फक्त १२ वेळा आपल्या नमुन्यात येतात. सुरुवात कोणत्याही ओळीपासून केली तरी त्या बाराच राहतात, फक्त दुसऱ्या बारा. ठरावीक अंतरच हवे असेल तर ९९७ घ्यावे, जिला ९६ शी सामाईक अवयव नाही आणि आठवड्याच्या ७ शीही नाही. पण मीटर मधेच बंद पडून ओळी गळल्या असतील तर हा हिशेबही सरकतो, म्हणून आपल्या फाईलसाठी मी हौदच वापरला असता.